काढून ठेवलेला वाटा

आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याला कोणी काही विचारत नसे. मामांनी मुंबईहून आणलेलं, देवाच्या फळीशेजारी टांगलेलं. आई ते रोज पुसायची, बाबा दर रविवारी किल्ली द्यायचे, आणि तेवढा मान दिला की दोघंही त्याच्याकडे पाठ फिरवून आपला दिवस भरती-ओहोटीवर चालवायची. आज तिथी कोणती, म्हणजे पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, हे बाबांना तोंडपाठ होतं. भरती रोज दोन घटका पुढे सरकते, पाऊण तास म्हणा, त्यामुळे आमच्याकडे सगळंच रोज थोडं थोडं पुढे सरकायचं. काल उजाडताना खाल्लेली पेज आज उन्हं आल्यावर मिळायची, आणि आठ दिवसांनी तीच पेज जेवणाच्या वेळेला येऊन टेकायची. फक्त कट्ट्याला जाणारी एस.टी. काही सरकत नसे. आई त्याच गाडीने कट्ट्याच्या बाजारात मासळी विकायला जायची, आणि आयुष्यभर तिचं त्या गाडीशी पटलं नाही.

बाबा रापणीवर होते. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. भलंमोठं जाळं होडीतून समुद्रात नेऊन अर्धगोल टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. पंचवीस-तीस माणसांचा घाम त्यात जातो. ओढताना जो आवाज उठतो, एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा, तो अजून माझ्या कानात आहे, आणि खरं सांगायचं तर अंगाईपेक्षा मला त्याच आवाजाने जास्त झोप यायची. मासळी वाळूवर आली की वाटे पडायचे. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. पण एखादा तापाने पडलेला असला, किंवा रापणीच्याच कामाला दुसरीकडे गेलेला असला, तर त्याचाही वाटा निघायचा. वेगळ्या टोपलीत, ओल्या झावळीखाली. तो त्याच्या घरी पोचवणं हे आम्हा मुलांचं काम. मी कितीतरी घरांत असे बांगडे आणि तारल्या नेऊन दिल्यात. त्या घरची बाई कधी आभार मानायची नाही, कारण त्यात आभार मानण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटत नसे.

दहावी झाली आणि मी आमच्याच शाळेला नुकत्याच जोडलेल्या अकरावी सायन्सला जायचं ठरवलं. याला कारण सामंतबाई. त्या आम्हाला दहावीला विज्ञान शिकवायच्या. एकदा त्यांनी बांगडा कापून त्याचे कल्ले दाखवले तेव्हा मी वर्गात मोठ्याने म्हणाले होते, "बाई, ह्यो कालचो आसा." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. कशावरून, म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी डोळ्यावरून, कल्ल्याच्या रंगावरून, पोट दाबून सगळं सांगितलं. दहावीचा निकाल लागल्यावर त्यांनी मला एक माहितीपत्रक दिलं. मासळीचं शास्त्र शिकवणारं, पदवी देणारं एक कॉलेज होतं! मी ते घरी वाचून दाखवलं तेव्हा आईने सुकटीतले खडे निवडता निवडता विचारलं, "मासळीक शास्त्र कसला गो? मासो होयो ताजो आणि हात होयो बेतान." पण माझं लक्ष पत्रकातल्या एका ओळीवर खिळलं होतं. प्रवेशाला बारावीत गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही विषय पाहिजेत.

आणि आमच्या शाळेत हे दोन विषय एकाच तासाला होते. मधल्या सुट्टीनंतरचा पाचवा तास. घंटा झाली की इंजिनियर व्हायचं म्हणणारी मुलं वर्गात बसायची आणि डॉक्टर व्हायचं म्हणणारी उठून प्रयोगशाळेत जायची. गणिताचे परुळेकर सर आणि सामंतबाई, दोघांनाही खालच्या वर्गांचे इतके तास होते की दिवसभरात तो एकच तास दोघांच्या हाती मोकळा उरायचा. शाळा सुटल्यावर म्हणावं तर परुळेकर सर कट्ट्याचे, आणि त्यांची गाडी सुटायला पाच मिनिटं असायची. तेव्हा एक घ्या नाहीतर दुसरा घ्या. दोन्ही कोणी मागितलेच नव्हते.

मी मागितले. अर्जावर दोन्ही लिहिले आणि पालकांची सही घ्यायला बाबांपुढे नेला. पावसाळ्याचे दिवस, रापण बंद, बाबा पडवीत जाळं शिवत बसले होते. माझ्या मनात थोडा तरी प्रामाणिकपणा शिल्लक होता म्हणून मी म्हटलं, "बाबा, दोन विषय एकाच टायमाक येतत."

"आज येतत," गाठीवरची नजर न काढता बाबा म्हणाले. "फाल्यां सरकतले. वेळ काय एका जागेर रवता?"

शाळेचं वेळापत्रक भरतीसारखं सरकत नाही, हे मला दहा वर्षं शाळेत जाऊन माहीत होतं. बाबा चौथीच्या पुढे गेले नव्हते आणि तीही शाळा त्यांनी भरती-ओहोटी बघून केली होती. एक वाक्य बोलले असते तर त्यांना कळलं असतं. मी बोलले नाही. अर्ज पुढे केला, बाबांनी जाळ्याची सुई बाजूला ठेवून, हात लुंगीला पुसून, एकेक अक्षर कोरत सही केली. ती सही मी फसवून घेतली, असं मी आज सरळ म्हणते. तेव्हा मी त्याला हुशारी म्हणत होते.

पुढचे दोन महिने मी जे काही केलं त्याला शिक्षण म्हणता येणार नाही. अर्धा तास गणिताला बसायचं, मग पोट दुखतंय म्हणून उठायचं आणि प्रयोगशाळेत मागच्या दाराने शिरायचं. माझ्या पोटाची एवढी चौकशी शाळेत कधी झाली नव्हती. परुळेकर सर मोजके बोलणारे. ते एकदा फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "पोट दुखणाऱ्यांनी जाताना दार लावून घ्यावं." सामंतबाईंना मी बेडकाचं अर्धवट चित्र काढून दाखवायची. दोन्हीकडे मी नुसती येऊन-जाऊन होते. आईच्या कानावर हे कट्ट्याच्या बाजारातच गेलं, कारण परुळेकर सर तिचे गिऱ्हाईक. संध्याकाळी तिने कुळथाची पिठी ढवळता ढवळता मला सुनावलं, "दोन घरचो पावणो उपाशी. एक धर नि बस." मला राग आला, कारण ते खरं होतं.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. केळुसकर सर त्यांचं नाव, नियमाचे पक्के, पण वाईट मनाचे नाहीत. ते म्हणाले, "गणपतीपूर्वी एक विषय सोड. नाहीतर बोर्डाकडे जाणाऱ्या यादीत मीच एक खोडणार. आणि वडिलांना घेऊन ये, सही त्यांची आहे." आमच्याकडे सगळ्याच गोष्टींना गणपती ही मुदत असते. घर सारवायला, भांडण मिटवायला आणि आता माझं भविष्य ठरवायलाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. आमच्या किनाऱ्यावर दोन रापणी, एक आमची आणि एक थोरली. हंगाम सुरू होताना कोणी कुठल्या दिवशी टाकायची याची पाळी ठरते, आणि त्याच बैठकीतून उठून बाबा माझ्याबरोबर शाळेत आले. पांढरा सदरा घातलेला, पायांना वाळू तशीच. खोलीत केळुसकर सर, आणि त्यांनी बोलावून घेतलेले परुळेकर सर. बाबांना खुर्ची दिली तर ते तिच्या टोकावर बसले.

"तुमच्या मुलीनं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेत," केळुसकर सर म्हणाले. "दोन्हींचा तास एकाच वेळी असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय साहेब. हिने सांगितलं होतं." शाळेत बाबा शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे. "पण ते सरकतील ना?"

"सरकतील म्हणजे?"

"म्हणजे आज दोन वाजता पडले, उद्या पाऊण तासाने…"

परुळेकर सरांना खोकला आला. केळुसकर सर मात्र हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक दाखवून शांतपणे सांगितलं, "हे असंच राहतं हो. जून ते एप्रिल. मुलीला माहीत आहे हे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. इतकी वर्षं झाली, पुढे मी मोठमोठ्या साहेबांपुढे चुका कबूल केल्या, पण त्या दोन-तीन क्षणांत जेवढी लाज वाटली तेवढी परत कधी वाटली नाही. बाबांना एवढंच म्हणता आलं असतं की हे सरकत नाही ते पोरीने मला सांगितलं नाही. तो सरळ सुटायचा मार्ग होता.

"चूक माझी," बाबा म्हणाले. "मीच नीट विचारायला हवं होतं."

"असू दे. आता कोणता विषय सोडायचा ते तिनं लिहून द्यावं," म्हणत केळुसकर सरांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन उचललं. बाबांना खोटं पाडल्यावर आता कुठल्या तोंडाने हट्ट करायचा? 'गणित' असं लिहायला मी 'ग'सुद्धा काढला होता.

"थांब गो," बाबा म्हणाले. आणि मग त्यांनी शुद्ध बोलणं सोडून दिलं. "साहेबांनू, आमच्या किनाऱ्यार दोन रापणी आसत. किनारो एकच. दोनय एकदम टाकल्यो तर दोनय जाळी फाटतली. म्हणान काय आमी एक रापण मोडून टाकूक नाय. पाळी घातली. आज तुमची, फाल्यां आमची."

"पाळी घालता येईल," केळुसकर सर म्हणाले. "एक दिवस गणित, एक दिवस जीवशास्त्र. पण ज्या दिवशी ती नाही त्या दिवसाचा धडा बुडणारच ना? त्याचं काय?"

मला वाटलं, संपलं.  बाबा सदऱ्याच्या टोकाशी चाळा करत होते.

"आमच्यातलो एखादो कामाक दुसरीकडे गेलो," ते हळूहळू म्हणाले, "तर आमी तेचो वाटो काडून ठेवतंव. तो दोराक नसलो तरी. कित्याक म्हणशात तर फाल्यां तो वडतलो. तुमी हिचो वाटो काडून ठेवा, साहेबांनू. फुकट नको. माजा चेडू वडणारा आसा."

 बाहेर पाचवीचा वर्ग पाढे म्हणत होता. मग परुळेकर सर, जे आतापर्यंत एक अक्षर बोलले नव्हते, ते म्हणाले, "मला वेळ नाही. पण वाटा मी कशाला काढायला हवा? वर्गात मुलं आहेत. ज्या दिवशी ही नसेल त्या दिवसाचं गणित एकानं दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हिला शिकवायचं. पाळीनं. शिकवता आलं नाही तर त्याला समजलेलं नाही, असं मी धरीन."

"आणि हजेरी?" केळुसकर सरांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजेरी आपण पाचव्या तासाची घेतो. पाचव्या तासाला ती शाळेतच आहे." मग त्यांनी माझ्या हातातला कागद, तो एकटा 'ग' असलेला, काढून घेतला आणि खणात ठेवला. "सहामाहीत एका जरी विषयात नापास झालीस तर हा कागद परत बाहेर येईल."

 घरी येताना माडांच्या वाटेला लागल्यावर बाबा म्हणाले, "तुका ठावक होता."

"होय."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"सही गावली नसती म्हणान."

"गावली असती," बाबा म्हणाले. "वेळ सरकणा नाय तर माणसान सरकूचा. पण माका सांगून." मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं आणि पुढे चालत राहिले, फक्त चाल जरा कमी केली.

आता हे सगळं लगेच सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सोमवार, बुधवार, शुक्रवार गणित. मंगळवार, गुरुवार, शनिवार जीवशास्त्र. मधल्या सुट्टीत पिंपळाच्या पारावर आदल्या दिवशीचा बुडालेला धडा. गणिताचा वाटा बहुतेक वेळा मंदाकडे यायचा, कारण बाकीची मुलं तिच्यावर ढकलायची. मंदाला स्वतःलाच गणित येत नव्हतं. ती मला शिकवता शिकवता मध्येच थांबायची, "हय कायतरी चुकला," म्हणायची आणि दोघी मिळून चूक शोधायचो. सामंतबाईंनीही तशीच पाळी लावली, आणि जीवशास्त्राचा वाटा प्रकाशकडे. त्याचं अक्षर असं की त्याने काढलेली पेशी आणि त्याने लिहिलेलं नाव यांत फरक कळत नसे. पहिल्या चाचणीत मला गणितात पंचवीसपैकी सात मिळाले. माझं नाव सुला, पण वर्गात ते 'सुलेचो वाटो' असंच पडलं. कोणी गैरहजर मुलाचा खडू जरी बाजूला ठेवला तरी म्हणायचे, सुलेचो वाटो. चिडवण्यात विष नव्हतं, पण मला तेव्हा टोचायचं.

आईने यात काय केलं ते सांगायलाच हवं, कारण ती कधी सांगणार नाही. मधली सुट्टी अभ्यासात गेल्यावर जेवायला वेळ उरेना. मग ती तांदळाच्या भाकरीत सुक्या बांगड्याची किसमूर, खोबरं आणि कांदा घातलेली, गुंडाळून द्यायला लागली. एका हातात भाकरी, एका हातात पेन. आणि एक नाही, तीन. "जेणां तुका शिकवतत तेंका," ती म्हणाली. "दोन घरचो पावणो उपाशी रवता म्हणतत. तर डबो तरी भरलेलो होयो." त्या किसमुरीचा वास पारावर सुटला की ज्यांची पाळी नसे तीही मुलं गणित शिकवायला यायची. गणिताची एवढी गोडी आमच्या शाळेत आधी कोणी पाहिली नव्हती.

सहामाहीचा निकाल केळुसकर सरांनी मला खोलीत बोलावून सांगितला. जीवशास्त्र बरं होतं. गणितात पास व्हायला जेवढे लागतात त्यापेक्षा दोन जास्त. मी खणाकडे बघत होते. त्यांनी तो कागद काढला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवर परीक्षेच्या पर्यवेक्षणाची यादी लिहायला घेतली. आमच्या शाळेत कागद वाया घालवत नसत. त्याच परीक्षेत मंदा वर्गात गणितात दुसरी आली. बाहेर येऊन तिनं माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाली, "तुका शिकवूक लागता म्हणान माका समाजला." आज ती कणकवलीला गणिताच्या शिकवण्या घेते. प्रकाश दोडामार्गात काजूची कलमं करतो, आणि त्याचं अक्षर तसंच आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा फोन आला. कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज कॉम्प्युटरवर भरत होती आणि दोन विषय एकमेकांवर येतात म्हणून पडदा लाल होऊन तिला पुढे जाऊ देईना. "आत्या, कोणाला सांगायचं गं?" ती विचारत होती.  खुर्चीच्या टोकावर बसून सांगायला समोर माणूस तरी लागतो. मी तिला म्हटलं, कॉलेजात जा, खोली शोध, आणि तुझ्या बाबांना बरोबर ने. ती गेली. काय झालं ते तिचं ती सांगेल. पण फोन ठेवल्यावर मला सगळ्यांची आठवण आली आणि वाटलं, आपण हे कधी लिहून ठेवलं नाही. केळुसकर सर गेले, परुळेकर सर गेले. त्यांच्यापैकी कोणीच मला काही फार मोठं दिलं असं समजत नव्हतं, म्हणून आभार मानायचे राहून गेले.

आता परत मागे जाते. बारावी झाले, मासळीच्या शास्त्राच्या त्या कॉलेजात गेले, आणि नोकरी लागल्यावर पहिलं काम मिळालं ते किनाऱ्यावर उतरणाऱ्या बांगड्यांची लांबी आणि वजन मोजून त्याचं गणित मांडण्याचं. मे महिन्यात सुट्टीला घरी आले तेव्हा तो छापलेला तक्ता मी बरोबर आणला होता. बाबा रापणीवर होते. डोळे अधू झाले होते, दोर ओढायला आता त्यांना शेवटाला उभं करायचे. जाळं पाण्यात होतं, ओढायला अजून अवकाश होता. मी वाळूवर त्यांच्याशेजारी बसले आणि तक्ता उघडला. त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं.

"ह्या काय?"

"गणित, बाबा."

"आणि ह्यो?"

"बांगडो."

त्यांनी बोट एका रकान्यावरून दुसऱ्यावर नेलं, परत आणलं, परत नेलं.

"म्हणजे दोनय रापणी एकाच दिसाक पडल्यो," ते म्हणाले. मग कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर स्वतःची चप्पल ठेवली आणि हाक आली तसे दोराकडे गेले.

मी तिथेच बसून राहिले. मला उठवेना. जाळं आलं, तारल्या आल्या, ओरडाआरड झाली, वाटे पडले. नावं पुकारली गेली. आणि शेवटी एक टोपली उरली, वर ओली झावळी टाकलेली. ती बाबांनी उचलून माझ्यापुढे आणून ठेवली.

"सुलेचो," ते म्हणाले.

त्या दिवशी मी दोराला हातसुद्धा लावला नव्हता.